‘आर्मा ४’ रोखून खोटी युद्धं थांबणार नाहीत

जगात कुठेही लढाई पेटली की दोन दिवसांत एक व्हिडिओ हमखास फिरतो. रात्रीचं आभाळ, जमिनीवरून वर जाणाऱ्या लाल गोळ्यांच्या रेषा, मधूनच पेट घेणारं विमान. अफगाणिस्तानातलं पंजशीर, युक्रेन, गाझा, आणि मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत आपल्या फोनवरही. मग कोणीतरी दाखवून देतं की हा ‘आर्मा ३’ नावाच्या व्हिडिओ गेममधला प्रसंग आहे. आणि त्यामागोमाग एक मत फिरायला लागतं, जे गेली काही वर्षं मी सतत ऐकतो आहे.

ते मत साधारण असं: हा खेळ इतका हुबेहूब आहे की सामान्य माणसाला ओळखूच येत नाही. तो बनवणाऱ्या कंपनीला ही फुकटची जाहिरात हवीच आहे. मुळात हे लष्कराचं साधन, कंपनीच्या माणसांना हेरगिरीखाली अटकही झाली होती. त्यात कोणालाही वाटेल ती भर घालायची मोकळीक. आता ‘आर्मा ४’ आला की खरं-खोटं कळण्याची सोयच उरणार नाही, तेव्हा तो आत्ताच रोखा.

आर्मा मी वर्षानुवर्षं खेळत आलो आहे आणि चौथ्या भागाची वाट पाहतो आहे. पण या मताला उत्तर द्यावंसं वाटतं ते खेळावरच्या प्रेमापोटी नव्हे. हे म्हणणं खरं मानलं, तर चोर सोडून संन्याशाला फाशी होते आणि चोर पुढच्या युद्धात पुन्हा तेच करायला मोकळा राहतो.

पहिला मुद्दा सगळ्यांत जास्त पटतो, म्हणून त्याच्याकडे जरा सावकाश पाहू. ‘इतका हुबेहूब, की फसणारच.’

सप्टेंबर २०११ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीने लिबियाचा हुकूमशहा गडाफी आणि आयरिश रिपब्लिकन आर्मी (आयआरए) ही सशस्त्र संघटना यांच्या संबंधांवर एक शोधपट दाखवला. त्यात ‘आयआरए फिल्म १९८८’ अशी पट्टी देऊन हेलिकॉप्टर पाडल्याचं एक दृश्य होतं. ते दृश्य आर्मा २ मधलं निघालं. वाहिनीला माफी मागावी लागली आणि जानेवारी २०१२ मध्ये ऑफकॉम या नियामक संस्थेने प्रेक्षकांची दिशाभूल झाल्याचा निर्णय दिला. आर्मा २ हा २००९ सालचा खेळ आहे. त्यातली झाडं, माणसांच्या हालचाली, स्फोटाचा धूर आज कोणा शाळकरी मुलाला दाखवा, तो लगेच सांगेल हा गेम आहे म्हणून. तरीही तो एका नामवंत वाहिनीच्या संपादकीय चाळणीतून सुटला.

पुढचं उदाहरण याहून बोलकं आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने अमेरिका आयसिसला मदत करत असल्याचा निर्विवाद पुरावा म्हणून काही चित्रं प्रसिद्ध केली. त्यातलं एक चित्र मोबाइलवर खेळायच्या, गनशिप म्हणजे तोफा बसवलेल्या विमानावरच्या एका गेमच्या जाहिरातीतलं होतं. फोनवरचा खेळ! तिथे हुबेहूबपणाचा प्रश्न येतोच कुठे? २०२२ मध्ये ‘कीव्हचं भूत’ म्हणून गाजलेल्या युक्रेनी वैमानिकाची जी क्लिप सर्वदूर गेली, ती तर आर्माचीही नव्हती. ती डीसीएस वर्ल्ड या विमान-सिम्युलेटरमधली होती.

आणि आपल्याकडचं? सप्टेंबर २०२१ मध्ये तालिबान पंजशीर खोऱ्यात घुसत असताना आपल्या काही मोठ्या राष्ट्रीय वृत्तवाहिन्यांनी पाकिस्तानी हवाई दलाचा हल्ला म्हणून एक क्लिप चालवली. ‘हस्ती टीव्ही’ या नावाने ती आली होती. तीही आर्मा ३. ज्या वाहिन्यांकडे माजी लष्करी अधिकारी पॅनेलवर बसलेले असतात, त्यांनी ही क्लिप दाखवली. त्यातलं विमान कोणतं, पाकिस्तानकडे तसं विमान आहे का, एवढा एक प्रश्न त्या पॅनेलवरच्या कोणालाही विचारला असता तरी पुरलं असतं.

या सगळ्यांत समान काय आहे? चित्राचा दर्जा नाही; तो कधी बरा होता, कधी अगदीच सुमार. प्रत्येक वेळी दाखवणाऱ्याला ते दृश्य हवं होतं, घाई होती, आणि ‘हे कोणी काढलं, कुठे, कधी’ हे विचारायला कोणी थांबलं नाही. उलट चित्र जितकं अस्पष्ट तितकं ते खरं वाटतं. म्हणूनच असल्या क्लिपा बनवणारे खेळातली सुबक दृश्यं मुद्दाम बिघडवतात. स्क्रीनसमोर फोन धरून हात हलवत चित्रण करायचं, रिझोल्यूशन पाडायचं, आवाज काढून टाकायचा. आर्माचं खरं सौंदर्य, म्हणजे पहाटेचा उजेड किंवा टेकडीवरून दिसणारी दहा-बारा किलोमीटरची दरी, या क्लिपांत कधीच दिसत नाही.

एका क्लिपची चिरफाड करून दाखवतो, कारण हा नमुना पुन्हा पुन्हा येतो. खेळाच्या एडिटरमध्ये, म्हणजे हवा तो प्रसंग रचायच्या साधनात, रात्रीची वेळ निवडतात. ‘प्रेटोरियन’ नावाची विमानविरोधी स्वयंचलित तोफ मांडतात आणि तिच्या डोक्यावरून ‘वाइपआउट’ हे विमान उडवतात. हे विमान अमेरिकेच्या ए-१० या लढाऊ विमानासारखं दिसतं, म्हणून बातमीत ‘ए-१० पाडलं’ असा मथळा येतो. आता नीट पाहा. तोफेच्या गोळ्यांची धार अंगावर येत असताना वैमानिक सरळ रेषेत उडत राहतो, कारण तो संगणक आहे. एकामागून एक होणाऱ्या स्फोटांतला धूर एकाच साच्यातला असतो. आणि एवढा गदारोळ चालू असताना आसपास एक माणूस धावत नाही, एक दिवा विझत नाही, चित्रण करणाऱ्याच्या तोंडून एक शब्द निघत नाही.

लोक एक युक्ती सांगतात, की उजेड आधी दिसला आणि आवाज नंतर आला तर व्हिडिओ खरा. ती इथे वापरू नका. आर्मामध्ये आवाजाचा वेगही हिशेबात धरलेला आहे. लांबचा स्फोट आधी दिसतो आणि मग ऐकू येतो. या खेळाची ती फार जुनी खासियत आहे.

दुसरा मुद्दा, ‘कंपनीला हे हवंच आहे’. आर्मा बनवणाऱ्या, प्रागमधल्या बोहेमिया इंटरॲक्टिव्ह या कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये याच विषयावर जाहीर निवेदन काढलं. त्यात असल्या क्लिपा कशा ओळखायच्या याची खुणांसकट यादी होती: कमी दर्जाचं, हलतं, अंधारातलं चित्रण, आवाज नसणं, हलती माणसं न दिसणं, कोपऱ्यात राहून गेलेली खेळाची चिन्हं, धूर-धुळीचं अनैसर्गिक वागणं. आपण फेसबुक, यूट्यूब, ट्विटर यांना असे व्हिडिओ कळवतो, पण एक काढला की दिवसाला दहा नवे चढतात, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. वृत्तसंस्था आणि तथ्य-तपासणी करणाऱ्यांना मदत करायला आपण तयार आहोत, असंही म्हटलं. ज्याला फुकट प्रसिद्धी हवी तो आपल्याच खेळातला खोटा व्हिडिओ कसा पकडायचा हे जगाला शिकवत बसत नाही. मला विचाराल तर त्या निवेदनाला उशीर झाला. पंजशीरनंतर लगेच ते यायला हवं होतं. पण उशीर आणि संगनमत यांत फरक आहे, आणि आरोप संगनमताचा आहे.

मग हेरगिरी. ही गोष्ट अर्धवट सांगितली जाते म्हणून पूर्ण सांगतो. आर्मा ३ ची घोषणा २०११ मध्ये झाली आणि त्यातली बेटं ग्रीसच्या लिम्नोस आणि एजिओस एफस्त्रातिओस या बेटांवर बेतलेली होती. सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनीतले दोघे जण लिम्नोसला गेले आणि लष्करी ठिकाणांची छायाचित्रं काढल्याच्या आरोपावरून पकडले गेले. लिम्नोस तुर्कस्तानच्या किनाऱ्यासमोर, तिथे लष्कराचा वावर मोठा, त्यामुळे ग्रीक यंत्रणा संवेदनशील असणं समजण्यासारखं आहे. कंपनीचं म्हणणं होतं की ते सुट्टीवर गेले होते, कामाने पाठवलेले नव्हते, आणि आमचे खेळ उघड उपलब्ध असलेल्या माहितीवरूनच बनतात. चार महिन्यांहून अधिक काळ कोठडीत काढल्यावर जानेवारी २०१३ मध्ये प्रत्येकी ५,००० युरोंच्या जामिनावर दोघे घरी परतले. त्यानंतर खेळातल्या ‘लिम्नोस’चं नाव बदलून ‘अल्टिस’ झालं.

आता ज्याला हेरगिरीचा नकाशा म्हणतात तो काय आहे ते बघा. खरं लिम्नोस सुमारे ४७७ चौरस किलोमीटर, अल्टिस २७०. बेट आक्रसलेलं, गावं सरकवलेली, तळ कल्पनेतले, आणि कथा २०३५ सालची. त्या बेटावर हल्ला करायला निघालेला सेनापती अल्टिसचा नकाशा वापरेल, हे मला कोणत्याही अंगाने पटत नाही. त्या दोघांनी परक्या देशात कॅमेरा वापरताना जास्त जपायला हवं होतं, इतपत टीका मला मान्य आहे. खेळच हेरांचा आहे हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

‘लष्कराचं साधन’ या म्हणण्यात मात्र एक खरा धागा आहे. याच घराण्याच्या इंजिनातून, म्हणजे खेळ ज्यावर चालतो त्या मूळ सॉफ्टवेअरमधून, ‘व्हर्च्युअल बॅटलस्पेस’, म्हणजे व्हीबीएस, हे प्रशिक्षणाचं सॉफ्टवेअर निघालं आणि अमेरिकेच्या मरीन कोअरपासून ऑस्ट्रेलियाच्या सैन्यापर्यंत अनेकांनी ते वापरलं. पण ते वेगळं उत्पादन आहे. ते बनवणारी बोहेमिया इंटरॲक्टिव्ह सिम्युलेशन्स ही वेगळी कंपनी, आणि २०२२ मध्ये ती ब्रिटनच्या बीएई सिस्टिम्सने विकत घेतली. दुकानातून आर्मा घेऊन कोणाला लष्करी प्रणाली मिळत नाही.

युद्धाचं उदात्तीकरण होतं, असाही एक सूर असतो. तो लावणाऱ्यांनी आर्माचा एक डाव खेळून पाहावा. अर्धा-पाऊण तास पाठीवर ओझं घेऊन चालायचं, पथकाला पाचरीच्या आकारात पसरायला सांगायचं, आणि न दिसलेल्या माणसाच्या एका गोळीने तिथेच संपायचं. यात मर्दुमकी मिरवायला जागाच नाही. आणि २०१७ मध्ये याच खेळाला ‘लॉज ऑफ वॉर’ ही पुरवणी आली, आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या सहकार्याने. तिच्यात तुमची मुख्य भूमिका सैनिकाची नसते. युद्ध संपल्यावर ओरेओकास्त्रो नावाच्या गावात पडून राहिलेले सुरुंग आणि क्लस्टर बॉम्ब निकामी करणारे मदतकर्मी असता. नागरिकांवर काय गुजरलं हे त्या गावाच्या भिंतींतून हळूहळू उलगडतं. त्या पुरवणीच्या उत्पन्नातून १,७६,००० डॉलरहून अधिक रक्कम रेडक्रॉसला दिली गेली. नेमबाजीच्या इतर कोणत्या लोकप्रिय खेळाने जिनिव्हा करारांचा, म्हणजे युद्धातही पाळायच्या नियमांचा, विषय इतका मनावर घेतला आहे?

उरला मॉडचा प्रश्न. खेळाडूंनी स्वतः बनवलेली भर म्हणजे मॉड; नवी वाहनं, नवे गणवेश, नवे नकाशे. २०२२ च्या निवेदनात कंपनीने आर्मा ३ साठी अशा २०,००० हून अधिक मॉडचा उल्लेख केला आहे. त्यांच्यामुळेच कुठल्याही चालू युद्धाची नक्कल करणं सोपं जातं, हे खरं आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण मॉडचं दार बंद करा म्हणताना त्या दारातून काय काय आलं तेही बघा. डीन हॉल या न्यूझीलंडच्या माणसाने २०१२ मध्ये आर्मा २ साठी ‘डेझी’ हा मॉड केला. त्यावर ब्रेंडन ग्रीनने बॅटल रोयाल, म्हणजे शेवटी जिवंत उरेल तो जिंकला असा प्रकार, रचलं, ते आर्मा ३ मध्ये नेलं, आणि त्यातून २०१७ मध्ये पबजी जन्मला. २०२० च्या सप्टेंबरात बंदी येईपर्यंत महाराष्ट्रातल्या कट्ट्याकट्ट्यावर पोरं ज्या खेळात बुडालेली होती, त्याचं मूळ आर्माच्या या मोकळ्या दारात आहे. मूठभर खोटारड्यांसाठी हजारो होतकरू लोकांची कार्यशाळा बंद करणं मला अजिबात मंजूर नाही. त्यापेक्षा कंपनीकडे एक नेमकी मागणी करू या: आर्मा ४ मधून बाहेर पडणाऱ्या चित्रणात डोळ्यांना न दिसणारी पण तपासता येणारी खूण असावी. स्क्रीनसमोर फोन धरणाऱ्यावर तिचा कितपत उपयोग होईल ही शंका रास्त आहे, पण थेट रेकॉर्ड करून चढवणाऱ्यांना तरी त्याने चाप बसेल.

आता चौथा भाग. बोहेमियाने त्यासाठी २०२७ साल सांगितलं आहे. नव्या ‘एन्फ्युजन’ इंजिनाची चव २०२२ मध्ये आलेल्या ‘आर्मा रिफॉर्जर’ने दिली आहेच, एव्हरॉन बेटावरचं १९८९ सालचं शीतयुद्ध घेऊन. त्यातला प्रकाश, गवत, चिखल पाहिला की आर्मा ४ दिसायला कितीतरी पुढे असेल यात मला शंका नाही. तेव्हा डोळ्यांनी ओळखण्याच्या वर दिलेल्या खुणा हळूहळू निकामी होतील. विरोधकांच्या म्हणण्यातला हा सगळ्यांत भक्कम भाग आहे.

पण त्यावर ‘खेळ रोखा’ हा उपाय लागू पडत नाही. एक वाक्य टंकलं की स्फोटाचं दृश्य तयार करून देणारी एआयची साधनं आत्ताच कोणाच्याही फोनवर आहेत. खोटं बनवणाऱ्याला खेळ विकत घेऊन एडिटर शिकायची गरज उरलेली नाही. शिवाय पंजशीर आणि गाझाच्या नावाने फिरलेल्या त्या क्लिपा ज्या खेळातून आल्या, तो २०१३ मध्ये बाजारात आला आणि आजही विकला जातो. आर्मा ४ उद्या रद्द झाला तरी ती ‘प्रेटोरियन’ तोफ आणि ते ‘वाइपआउट’ विमान लाखो संगणकांवर आहेतच.