‘पोटात फेविक्विक भरतात’ म्हणे!

गेल्या पंधरवड्यात हा मेसेज मला चौघांनी पाठवला. एक तर अक्कलकोट रोडवरचा जुना शेजारी, यंत्रमागावर उभं आयुष्य गेलेला. मजकूर असा: “रक्ताची उलटी झाली की डॉक्टर दुर्बिणीतून पोटात फेविक्विक भरतात. ते जन्मभर आत चिकटून राहतं. खरं तर साधा अल्सर असतो. थंड दूध पाजा, रक्त थांबतं.”

एंडोस्कोपीच्या खोलीत बरीच वर्षं काढलीत, म्हणून लिहितो.

फेविक्विकच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, म्हणून तर मेसेज खपतो. फेविक्विक आणि आमचा वैद्यकीय ग्लू, दोन्ही सायनोॲक्रिलेट या झटपट चिकटणाऱ्या रसायनांच्या घराण्यातलेच. पण दुकानातलं इथाइल, ते शरीरात लवकर विरतं आणि पेशींना जाळतं. आम्ही वापरतो ते ब्युटाइल, सावकाश विरणारं आणि निर्जंतुक. चादर आणि गोणपाट दोन्ही विणलेलेच की, पण अंगावर गोणपाट कोण घेतं?

आणि भरतात ते पोटात नाही, शिरेत. लिव्हर सिरोसिसने कडक झालं की तिकडे जाणारं रक्त तुंबतं, आडवाटा शोधतं, आणि जठराच्या वरच्या भागातल्या शिरा फुगतात. अन्ननलिकेतल्या शिरांना रबर बँड लावता येतो. जठरातली शीर मात्र जाड असते, बँडमध्ये पुरती मावत नाही, आणि बँड गळाला की तिथेच भगदाड. म्हणून सुई थेट शिरेत घालून ग्लू सोडतात. रक्ताला लागताच काही सेकंदांत तो दगड होतो. सुईतच गोठू नये म्हणून बहुधा त्यात लिपिओडॉल नावाचं तेलकट औषध मिसळतात. त्या वेळी खोलीत सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे असतात. थेंब दुर्बिणीच्या नळीत अडकला तर लाखोंची दुर्बीण गेली! ही पद्धत कालची नाही. हॅम्बुर्गच्या सोहेंद्र यांनी ती 1986 मध्येच मांडली होती.

जन्मभर? छे. काही आठवड्यांत, महिन्यांत तो गोळा शिरेतून बाहेर ढकलला जातो आणि शौचावाटे जातो. खरा धोका मेसेजवाल्याला ठाऊकच नाही: ग्लूचा कण क्वचित फुप्फुसात जाऊ शकतो, गोळा सुटताना पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. हे नातेवाइकांना आधी सांगावंच लागतं.

अल्सर? असतोही. पाठदुखीच्या गोळ्या रोज खाणाऱ्यांत तर नेहमीचा. तिथे ग्लू ही पहिली निवड नसते. ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन देऊन क्लिप लावतात किंवा दुर्बिणीतूनच आतून शेक देऊन रक्त बंद करतात. पण अल्सर की शीर, हे बाहेरून हात लावून कळत नाही, दुर्बीणच टाकावी लागते.

दुधाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. भरल्या पोटात दुर्बिणीला काही दिसत नाही आणि उलटी श्वासनलिकेत जाते.

शेजाऱ्याने विचारलं, “मग वाटेत द्यायचं तरी काय?” काही नाही, मामा. पाणीसुद्धा नाही. कुशीवर झोपवा, चालू गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाका आणि 108 ला फोन करा. शी डांबरासारखी काळी झाली असेल तरी हेच.