बोटाखाली दहा मिनिटं

कुस्तीचा निकाल दोन सेकंदांत लागतो. तो मोबाईलवर बघायला मात्र आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरात अख्खी संध्याकाळ जाते.

आमचे आण्णा तरण्यापणी तालमीत घुमलेले. कान मोडलेले, बोटं अशी की अंगठीचं माप घेताना सोनार आधी सोन्याचा भाव सांगतो. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून जुन्या मैदानांच्या व्हिडिओंवर समाधान. त्या व्हिडिओंत सुरुवातीला पाहुण्यांचे सत्कार, फेटे, हलगी, मध्येच माईकवरून 'पांढऱ्या गाडीवाल्यांनी गाडी काढून घ्यावी'. मग खडाखडी, म्हणजे एकमेकांची ताकद अजमावणं. घिस्सा डाव मात्र डोळ्याचं पातं लवायच्या आत बसतो. तेवढा एक घिस्सा आण्णांना परत बघायचा असतो. मागणी एवढीच आहे हो.

"अरं, ते मागं न्यायचं बटण कुटं गेलं?"

"पडद्याला एकदा हात लावा आण्णा, येतंय."

लावला. आलं. आण्णांनी चष्मा सारखा केला, नेम धरून बोट खाली आणलं, तोवर गेलं.

"आता कुटं गेलं?"

"दोन-तीन सेकंदांनी आपोआप जातंय ते."

"का? त्याला काय दुसरीकडं जेवायचं आमंत्रण हाय?"

आण्णांचा हात घाईचा. एकदा टेकवून काही दिसलं नाही की लगेच दुसऱ्यांदा टेकवतात. आणि बऱ्याच ॲपांमध्ये उजव्या अंगाला लागोपाठ दोन टिचक्या म्हणजे दहा सेकंद पुढं. तिसरी मारली की वीस, चौथी मारली की तीस. आण्णा बटण शोधत राहिले आणि इकडे पैलवान गदा खांद्यावर टाकून मैदानाला फेरी मारायलाही लागला. "मी नुस्तं बघालोय की रे," आण्णा म्हणाले, "ह्येनं कुस्ती कुणाला इचारून संपिवली?"

मग आम्ही खालच्या पट्टीकडे वळलो. आता हिशेब बघा. व्हिडिओ तासाभराचा. उभ्या मोबाईलवर ती पट्टी फार तर ६ सेंटिमीटर. म्हणजे १ मिलिमीटरला १ मिनिट. आण्णांचं बोट टेकलं की १ सेंटिमीटर सहज व्यापतं, म्हणजे त्यांच्या बोटाखाली एका वेळी दहा मिनिटं असतात. त्यातले दोन सेकंद हुडकायचे! शिवाय पकडायचा तो टिपका मोहरीएवढा, आणि बोट ठेवलं की दिसेनासा होतो. बरं, बोट जरा खालून वर सरकलं तर ॲपच बंद. काही ॲपांत डाव्या कडेला वरून खाली सरकलं तर पडद्याचा उजेड कमी. परवा असंच झालं आणि आण्णांनी वर बल्बकडे बघून वीजवाल्यांचा उद्धार केला.

नातीनं संगणकावर लावून दिलं. बाणाचं टोक बारीक, त्यामुळे नेम बरा बसतो, हे कबूल. पण आवाजाच्या कर्ण्यावर बाण नेला की शेजारी आवाजाची पट्टी उगवते, आणि तिच्याकडे जाताना बाण मधल्या फटीत गेला की मावळते. एक क्लिक केला की व्हिडिओ थांबतो, दोन केले की पडदाभर होतो. आण्णांच्या दोन क्लिकांमध्ये चहाचा घोट मावतो. त्यामुळे थांब, चाल, थांब, चाल, आणि मातीतला पैलवान नुसता आचके देतोय.

हे सगळं नवं आहे म्हणावं तर तसंही नाही. पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली, माऊस जन्माला यायच्याही आधी, लोकांच्या हातात कांडी देऊन धातूच्या दोन पट्ट्यांवर आलटून पालटून टेकवायला लावलं होतं. पट्टी जितकी अरुंद आणि हातापासून जितकी दूर, तितका वेळ जास्त. आमच्या तालमीतल्या पोरालाही हे सांगता आलं असतं, पण फिट्सनं त्याचं गणित मांडलं आणि ते आजही चालतं. त्या हिशेबानं पडद्याच्या कडेला चिकटलेलं बटण माऊसला फार सोपं, कारण बाण कडेला अडतो, पुढं जाऊच शकत नाही. बोटाला मात्र तीच जागा अडचणीची. तिथं कव्हरची भिंत असते.

मापंसुद्धा ठरलेली आहेत. ॲपलनं बटणाला किमान ४४ पॉइंट सांगितलेत, गुगलनं ४८ डीपी. म्हणजे अंदाजे बोटाच्या पेराची रुंदी. वेबवर सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या नियमांत २०२३ साली किमान २४ पिक्सेल आले, म्हणजे साधारण त्याच्या निम्मेच. माझ्या मते ही सवलत बारीक बोटांच्या माणसांनी आपापसांत ठरवली असावी.

करायचं म्हटलं तर अवघडही नाही. रेघ दिसायला बारीक ठेवा, पण ती पकडायची जागा बोटभर जाड करा. दिसायचं आणि धरायचं माप एकच हवं, असं कुठं लिहिलंय? पट्टीवरून बोट जरा वर नेलं की सरकणं मंद व्हावं. कुठल्या क्षणाला आलोय त्याचं छोटं चित्र बोटाच्या वर दिसावं. व्हिडिओ थांबवलेला असताना बटणांनी जागा सोडू नये. तेव्हा ती कुणाच्या आड येतात? समोर माऊस आहे की बोट, हे ब्राउझरला विचारता येतं. विचारतो कोण! शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं ते असं, की कुठंही बसा, कुस्ती दिसते. हजारो माणसांची सोय तेव्हा झाली, आणि आता एका माणसाची होईना.

शेवटी नातीनंच कीबोर्ड पुढं सरकवला. यूट्यूबवर 'J' दाबलं की दहा सेकंद मागं, 'L' दाबलं की पुढं, 'K' दाबलं की थांबतं. ठळक कळा, पळून न जाणाऱ्या. आण्णांनी त्यावर तर्जनी अशी ठेवली की टेबल हललं. मग पोरीनं आणखी एक सांगितलं: थांबवलेल्या व्हिडिओत स्वल्पविरामाची कळ दाबली की एकेक चित्र मागं जातं, पूर्णविरामाची दाबली की पुढं.

तिथं घोटाळा झाला. आण्णांनी तो घिस्सा चित्राचित्रानं बघितला आणि जाहीर केलं, "उजवा खांदा टेकलेलाच न्हाई. निकाल चुकीचा हाय." लगेच गंगावेशीतल्या दोस्ताला फोन. दोस्त म्हणाला, टेकला होता, मी समोर बसलो होतो. तासभर कडाक्याची खडाखडी, चितपट कुणीच नाही. आता त्या दोस्ताच्या नातवानं मला विचारलंय, कीबोर्ड कुठनं घेतला म्हणून.