सहृदय प्राध्यापक कसे व्हावे?

नाशिकमधल्या एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर नुकतेच लागला असाल, तर आधी अभिनंदन. जेवढे तास घ्याल तेवढेच पैसे, तेही बिल मंजूर होईल तेव्हा. उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्गाबरोबर तुमचे पोटही बंद. दुसऱ्याविषयी करुणा बाळगायला याहून पोषक वातावरण कुठले मिळणार?

करुणेची सुरुवात फ्लेक्सपासून करावी. ‘विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य’, दीपप्रज्वलन, पाहुण्यांना शाल-श्रीफळ आणि जिओटॅग फोटो. फोटोत अक्षांश-रेखांश स्पष्ट दिसले पाहिजेत. विद्यार्थी नाही दिसले तरी महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीला चालते. मग मेंटॉर-मेंटी फॉर्म, म्हणजे तुमच्या वाट्याला आलेल्या विद्यार्थ्यांची कागदोपत्री विचारपूस. ‘विद्यार्थ्याच्या अडचणी’ या रकान्यात सरसकट ‘निरंक’ लिहावे. कोणी खरोखरच अडचण सांगायला लागला तर प्रेमाने थांबवावे, कारण रकाना दोनच ओळींचा असतो.

हजेरी ७५ टक्के. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या मुलीची एसटी चुकली, तर तिला वक्तशीरपणावर चार शब्द ऐकवावेत. एसटीला ऐकवता येत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड-दिंडोरीची पोरे द्राक्षाच्या खुड्याला जातात. ‘शेतकऱ्यांपुढील आव्हाने’ हा प्रकल्प त्यांच्याकडून नेमका त्याच पंधरवड्यात मागावा.

आणि तो शेवटच्या बाकावरचा. सातपूरला रात्रपाळी करून थेट वर्गात येतो. अंगात कंपनीचा शर्ट, नखांत काळे तेल, वही उघडी आणि त्यावर डोके. त्याला उठवून सर्वांदेखत विचारावे, “काय रे, घरी झोपत नाहीस का?” वर्ग हमखास हसतो. (तो घरी गेलेलाच नसतो, पण एवढ्यासाठी चांगला विनोद कोण सोडतो?) काही सर त्याला झोपू देतात आणि तास संपल्यावर जिन्यात उभे राहून दहा मिनिटांत मुद्दे सांगतात. अशांच्या नादी लागू नका. त्या दहा मिनिटांचे बिल निघत नाही.

शिकणाऱ्याला पोटही असते, हे इथल्याच गंगापूर धरणाजवळच्या मुक्त विद्यापीठाने १९८९ साली गृहीत धरले. आपल्याकडे तसे परिपत्रक अजून आलेले नाही.

राहिली शाश्वतता, पर्यावरणाची आणि तुमची. पाठकोरे कागद वापरावेत. रात्री अकराला ग्रुपवर ‘अर्जंट, सकाळी दहापर्यंत माहिती द्या’ आले की अंगठा दाखवावा आणि जागावे. सकाळी एक कॉलेज, दुपारी दुसरे, संध्याकाळी क्लास. मध्ये कॉलेज रोडवर उभ्याउभ्या वडापाव.

पुढच्या वर्षी तुम्हाला घेतील की नाही, हे जुलैशिवाय कळणार नाही. तोवर मेंटॉरची फाईल कपाटात नीट लावून ठेवा. नवीन माणसाला फक्त नाव बदलायचे आहे.