कवितेला आधार कसा मिळवावा

पहिली कविता लिहून झाली की दुसरीच्या नादाला लागू नका. आधी सभासद व्हा.

कसले, हा प्रश्न नंतरचा. महाराष्ट्रात कवीला आधार द्यायला इतके हात पुढे आलेले आहेत की त्यांच्यातून वाट काढून घरी पोचेपर्यंत कविता विसरायला होते. परंपराही जुनी. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांना एकत्र बोलावलं, तेव्हापासून आपण लिहिणाऱ्यांना बसायला सतरंजी देत आलो आहोत. पुढे १८८५च्या सभेचं आवतण महात्मा फुल्यांना गेलं, तर त्यांनी येत नाही म्हणून कळवलं आणि वर मंडळींची ‘घालमोडे दादा’ अशी संभावना केली. तुम्ही असलं काही करू नका. फुल्यांना ते परवडलं. त्यांना पुढच्या वर्षी निमंत्रितांच्या यादीत नाव लागायला नको होतं.

संस्था हव्या तेवढ्या आहेत. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ची, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ १९२३चा, मुंबई मराठी साहित्य संघ १९३५चा, मराठवाडा साहित्य परिषद १९४३ची. या सगळ्यांना एका दाव्याला बांधायला १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ निघालं. त्याचं कार्यालय दर तीन वर्षांनी एका संस्थेकडून दुसरीकडे नांदायला जातं. यातली जवळ पडेल ती गाठा आणि आजीव सभासदत्व घेऊन टाका. संग्रहाला वाचक मिळो न मिळो, मतदारयादीत नाव पक्कं. कार्यकारिणीची निवडणूक लागली की सकाळी सकाळी फोन येतो, “सर, तुमचं लेखन आम्ही आवर्जून वाचतो.” त्यातलं काय वाचलंत, असं उलटून विचारू नये. बिचाऱ्याला दुपारपर्यंत अजून शंभर जणांचं लेखन आवर्जून वाचायचं असतं.

पूर्वी याहून मोठं सुख होतं. संमेलनाचा अध्यक्ष मतांनी निवडला जायचा, त्या काळात ज्याच्याकडे मत आहे अशा साध्या कवीलाही मोठमोठे लेखक त्याच्या मुलाबाळांच्या नावासकट ओळखायचे. २०१९च्या यवतमाळ संमेलनापासून ती रीत गेली आणि अरुणा ढेरे यांची निवड एकमताने झाली. निवड चांगलीच होती, पण साध्या कवीची वार्षिक विचारपूस बंद पडली त्याचं काय? त्याच संमेलनाच्या उद्घाटनाला इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं गेलं आणि मग येऊ नका असं कळवलं गेलं. तेव्हा निमंत्रणपत्रिका हाती पडली तरी रेल्वेचं तिकीट पैसे परत मिळतील असंच काढा.

अध्यक्षपदापर्यंत पोचलातच, तर दुर्गा भागवतांचा कित्ता गिरवू नका. कऱ्हाडला १९७५ साली, आणीबाणी चालू असताना, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण समोर असताना, त्यांनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी सरकारने त्यांची राहण्याजेवणाची सोय तुरुंगात केली. शासनाचा एवढा भरीव आधार इतर कुठल्या अध्यक्षाच्या वाट्याला आल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तुम्हाला मात्र सुरुवात कविकट्ट्यावरून करायची आहे. मुख्य मंडपात राजकारण, उपमंडपात परिसंवाद आणि जिथे पंख्याची वायर पोचत नाही तिथे कविकट्टा, हा साधारण नकाशा. शेकडो कवी नोंदलेले असतात. समोर बसलेले श्रोते म्हणजे नंबर यायचा बाकी असलेले कवी. त्यांच्या ओठांची हालचाल होते ती दाद समजू नका, ते स्वतःची कविता घोकत असतात. तुमची वाचून झाली की लगेच पिशवी उचलून निघू नका. पुढच्या तीन कवींना ‘वा’ म्हणा आणि मगच चहाला जा. ही उसनवारी आहे, आणि गावात तिची वही ठेवणारे लोक आहेत.

मी स्वतः एका तालुक्याच्या संमेलनात दुपारी पावणेतीनला वाचलं आहे. वेळ लक्षात घ्या. जेवणात मठ्ठा आणि जिलबी होती. माझ्या कवितेत पावसाची वाट बघणारी आई होती, आणि समोर नऊजण होते, त्यातले चार झोपलेले. शेवटची ओळ संपली आणि मागून कोणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं, “बरोबर!” अंगावर काटा आला. उभ्या आयुष्यात मला मिळालेली ती एकमेव उत्स्फूर्त दाद. तो मांडववाला होता, खुर्च्या मोजत होता आणि त्याचा आकडा जुळला होता, हे मला गाडीत कळलं. सांगणाऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही.

संमेलनं वर्षातून एकदा येतात, म्हणून मधल्या काळासाठी व्हॉट्सॅपवरचे काव्यसमूह आहेत. इथे दर आठवड्याला विषय मिळतो. सोमवारी ‘पाऊस’, गुरुवारी ‘बाप’. रविवारी निकाल, आणि निकालात सगळेच ‘सर्वोत्कृष्ट’. प्रमाणपत्रावर तुमचा फोटो, दोन बाजूंना मोर आणि खाली सात जणांच्या सह्या असतात. त्या सातांपैकी दोघे गेल्या आठवड्यात तुमच्याकडूनच सर्वोत्कृष्ट ठरले होते. या समूहांचं पिकलेलं फळ म्हणजे प्रातिनिधिक काव्यसंग्रह. त्याचा हिशेब नीट समजून घ्या, कारण मराठी प्रकाशनव्यवसायात तोट्यात न जाणारी रचना शोधायची तर ती ही आहे. पन्नास कवी घ्यायचे, प्रत्येकाला दोन पानं द्यायची आणि प्रत्येकाने दहा प्रती विकत घ्यायच्या. पाचशेची आवृत्ती छापखान्यात जाण्याआधीच संपलेली असते. संपादकाच्या पदरचा दमडा जात नाही, वर त्याच्या नावावर एक पुस्तक जमा होतं. तुमच्या दहा प्रतींपैकी एक आईला द्या. उरलेल्या नऊंसाठी पलंगाखाली जागा असते.

त्यानंतर स्वतःचा संग्रह. तो काढायला प्रकाशक पैसे मागतो म्हणून काहीजण नाराज होतात. का? लग्नाचा हॉल घेताना आपण हॉलवाल्याकडून मानधन मागतो का? आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, घ्यायला विसरू नका. कविता कशीही असो, त्या तेरा आकड्यांनी कित्येक प्राध्यापकांची पदोन्नती सुकर केली आहे, आणि वृत्तात चालणारं असं त्या पुस्तकात दुसरं काही सापडेलच याची खात्री नाही.

आता कायद्याचा आधार. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या नेमलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. स्वतःच छापलंत तर प्रकाशक तुम्हीच. म्हणजे बघा, चेन्नईत तुमच्या अष्टाक्षरीला कायमची जागा राखलेली आहे, आणि ती मिळवायला कोणाची शिफारस लागत नाही, फक्त टपालखर्च लागतो. न पाठवल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत, अधिक पुस्तकाची किंमत. तुमच्या संग्रहाची छापील किंमत कोणी पूर्ण मोजण्याची शक्यता आहे ती या कलमाखाली, आणि तीही तुम्हीच.

राज्य सरकारचं साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० पासून आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. पहिलं पुस्तक काढणाऱ्याला ते नवलेखक अनुदान देतं. तुमच्या भल्यासाठी सांगतो, त्या वाटेला सहसा जाऊ नका. तिथे हस्तलिखित तज्ज्ञांकडे वाचायला जातं. वाचायला! नको ती भानगड. पुरस्कार त्यापेक्षा बरे. राज्य पुरस्कारांत पहिल्या कवितासंग्रहासाठीचा पुरस्कार बहिणाबाई चौधरींच्या नावाचा आहे. बहिणाबाई कुठल्या संस्थेच्या आजीव सभासद नव्हत्या, त्यांना लिहिता येत नव्हतं, आणि १९५१ साली त्या गेल्या त्यानंतरच्या वर्षी त्यांचा पहिला संग्रह आला. तेव्हा नियमावलीत बसल्या असत्या की नाही, कोण जाणे. राज्य पुरस्कार मिळालाच तर पेढे जरा थांबून वाटा. डिसेंबर २०२२मध्ये एका अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार आठवडाभराच्या आत शासननिर्णय काढून रद्द झाला, निवडसमितीही मोडीत निघाली. पेढे खाऊन झाल्यावर परत घेता येत नाहीत.

खाजगी पुरस्कारांत असला धोका नाही. तिथे प्रवेशशुल्क घेतलेलं असतं.

म्हातारपणाचीही काळजी घेतलेली आहे. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने मानधन योजना आहे. वय पन्नासच्या वर हवं, आणि वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत. २०२४ पासून महिना पाच हजार रुपये मिळतात. आता पाच गुणिले बारा करा. वर्षभर मानधन मिळालं की तुम्ही नेमके त्या रेषेवर येऊन उभे राहता, जिच्या आत असाल तरच मानधन मिळतं. मराठीत इतकं बिनचूक यमक मी फार दिवसांत वाचलं नव्हतं. उत्पन्न साठ हजारांच्या आत ठेवायचं कसं, ही चिंता करू नका. वर सांगितलेली सभासदत्वं, प्रती, शुल्कं आणि टपाल नियमित चालू ठेवलंत की ते आपोआप जमतं.

इथवर सगळं सुरळीत झालं. आता ज्यांच्यापासून जपायचं ते.

काही लोक आधार देण्याच्या नावाखाली कविता वाचतात. वाचून थांबत नाहीत, पत्रही लिहितात. धुळ्यात पुरुषोत्तम पाटील नावाचे कवी होते. त्यांनी १९८५ साली ‘कविता-रती’ सुरू केलं आणि पुढची तीस वर्षं फक्त कवितेला वाहिलेलं नियतकालिक चालवलं. धुळ्यातून! ना मंडप, ना मंत्री. ‘सत्यकथा’ मासिक तर त्याहून वाईट. तिथून कविता परत यायची ती कारणासकट. त्या कारणांनी पिढ्या घडल्या असं म्हणतात, आणि चिडलेल्या काही तरुणांनी १९६९ साली अंकाची होळी केली हेही खरंच. पण होळी करायला आधी अंक विकत घ्यावा लागतो, हे मला आज जास्त हेवा वाटण्यासारखं दिसतं. आपल्या कुठल्या प्रातिनिधिक संग्रहावर रागावून कोणी काडेपेटी शोधलेली नाही.

त्या चिडलेल्यांच्या आधीपासून आणखी काही उचापती मुंबईत चालूच होत्या. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी पन्नाशीच्या दशकात ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं. शाई हाताला लागायची. औरंगाबादेत गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवलं आणि ज्यांचं कुठेच छापून येत नव्हतं त्यांना नुसतं छापलं नाही, त्यांचे मेळावे घेतले. मेळाव्याचं नाव बघा, ‘लेखक-वाचक मेळावा’. वाचकाला आवतण! ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने १९७४पासून वाचकांकडूनच आगाऊ पैसे जमवून पुस्तकं काढायचा घाट घातला, आणि त्यातूनच १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ बाहेर पडलं. कवीने पैसे भरायची आपली सुंदर प्रथा त्यांनी अशी उलटी टांगली. असल्या माणसांच्या हाती तुमची वही पडली तर अर्ध्या कविता परत येतील. उरलेल्या अर्ध्यांत तिसरं कडवं कापून या, असं लिहिलेलं असेल. आणि तिसरं कडवं खरंच कापण्यासारखं असेल, ही त्यातली सगळ्यात संतापाची गोष्ट.

तसंच गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं. १९६७च्या कायद्यानंतर आपल्याकडे वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले. ‘ड’ म्हणजे एक खोली, दोन कपाटं, एक ट्यूबलाइट आणि अनुदान येईल तेव्हा पगार घेणारे ग्रंथपाल. तिथे तुम्ही प्रकाशनाच्या जोशात एक प्रत भेट दिलेली असते. मीही दिली होती. सात वर्षांनी दिवाळी अंक न्यायला गेलो आणि सहज म्हणून कपाटातून ती काढली, तर आतल्या तारखांच्या चिठ्ठीवर पाच शिक्के. मी ग्रंथपालांना विचारलं, कोणी नेलं हो हे? ते चष्मा वर करून म्हणाले, “त्या पेठेतल्या बाई. त्यांनीच नेलंय पाची वेळा. तुमचं आहे होय?”

असं तुमच्या बाबतीत घडलं तर चिठ्ठी होती तशी ठेवा, पुस्तक कपाटात सरकवा आणि मुकाट्याने घरी या. त्या बाईंचा पत्ता विचारू नका. भेट म्हणून दुसरी प्रत पाठवू नका, सत्काराला बोलावू नका, आणि काही झालं तरी त्यांचा नंबर आपल्या काव्यसमूहात घालू नका. पुढच्या गुरुवारी त्या ‘बाप’ या विषयावर पाठवतील.