भिंतीला खिळा मारायचा नाही म्हणे!

आज एका मैत्रिणीच्या वास्तुशांतीला जाऊन आले आणि तेव्हापासून डोकं ठणकतंय. जेवण फर्मास होतं, मठ्ठा तर मी दोनदा मागून घेतला. तक्रार भिंतींबद्दल आहे. टीव्हीमागे राखाडी पट्ट्यांचं पॅनेल, सोफ्यामागे सोनेरी पत्र्याची पानं, कोपऱ्यात बुद्धाचा नुसता चेहरा आणि छतातून झिरपणारा निळा उजेड. हल्ली ज्या नव्या घरात जावं तिथे हेच. बाथरूम कुठे असेल हेसुद्धा मला न विचारता कळलं!

सहज म्हटलं, "अगं, घरातल्यांचे फोटो कुठे लावणार?" तर म्हणाली, "डिझायनरने सांगितलंय, भिंतीला खिळा मारायचा नाही. फिनिश जातं."

अरे! वीस-वीस वर्षांचे हप्ते तुम्ही भरणार की तो डिझायनर?

आमच्या घराचं काम चालू होतं तेव्हा हाच वाद झाला होता, आईच्या मांडणीवरून. स्टीलची मांडणी हो, तुमच्या सगळ्यांच्या घरी होती तीच. वर ताटं उभी करायच्या खाचा, मध्ये डबे-पातेली, खाली कपांचे हुक. एक हुक तुटलेला, तिथे आईने पक्कडीने तार पिळून बसवलेली. आमचा इंटिरियरवाला तिच्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, ही लावली तर किचनचा लुकच जाईल." म्हटलं, जाऊ दे. पण मांडणी लागणार.

बरं, लावणंही सोपं नव्हतं. हल्लीच्या बऱ्याच टॉवरमध्ये भिंती विटांच्या नसतात, ॲल्युमिनियमच्या साच्यात सरळ काँक्रीट ओततात. खिळा वाकतो, भिंत हसते. हॅमर ड्रिल लागतं, त्यात प्लग, मग स्क्रू. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, बहुतेक वेळा तिथूनच वायरी जातात. एवढंच काय ते शास्त्र. भाड्याचं घर असेल तर चिकटणारे हुक मिळतात, हलक्या फ्रेमला पुरतात. हे सांगायला डिझायनर कशाला हवा?

ट्रॉल्या सोयीच्या असतात, कबूल. माझ्याही ओट्याखाली आहेत. दोघंही नोकरी करणारे असले की सगळं पॅकेजवर सोडून मोकळं व्हावंसं वाटतं, तेही समजतं. पण मग घर कुणाचं आहे ते कशावरून ओळखायचं? माझ्या मांडणीतल्या ताटांच्या कडेला मशीनने टिंबाटिंबांत नावं घातलेली आहेत. एकावर मामाचं, एकावर आईच्या ऑफिसातल्या मैत्रिणींचं. पाहुणा ताट हातात घेतो, कडेवरचं वाचतो आणि विचारतो, "हे कोण?" की सुरू झाल्या गप्पा. त्या सोनेरी पानांबद्दल कोण काय विचारणार?

आणि ते वारलीचे वॉलपेपर! यावर तर मी भांडूच शकते. डहाणू-तलासरीकडे लग्नघरात सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, मध्ये पालघट देवी. ते त्या घरातल्या लग्नासाठी असतं. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला कागदावर, जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या भागात आजही हाताने काढणारी माणसं आहेत. त्यांच्याकडून एक लहानसं चित्र घ्या ना. नाहीतर गुंडाळीतून उलगडलेला, दर हातभर अंतरावर तोच तारपावाला (तारपा म्हणजे वारल्यांचं फुंकायचं वाद्य) पुन्हा नाचणारा कागद चिकटवता आणि वर सांगता "एथनिक टच"!

असो. चिडचिड पुरे.

तर आज जेवणं झाल्यावर मी तिला विचारलं, "तुझ्या आजेसासूबाईंची गोधडी होती ना गं?" म्हणाली, "आहे की, बेडच्या आत. थीमला जात नाही." मी बेड उघडायला लावला. दोघींनी मिळून गोधडी काढली. नऊवारीचे काठ, कुणाच्या तरी परकराचा तुकडा, आणि एका कोपऱ्यात खाकी. "ही यांची शाळेची चड्डी," म्हणाली आणि हसत सुटली. मग नवऱ्याला हाक मारली, मग सासूबाई आल्या, त्यांनी एकेका तुकड्याचा इतिहास सांगायला सुरुवात केली. तासभर कुणी त्या पॅनेलकडे बघितलंसुद्धा नाही. गोधडी आता सोफ्याच्या पाठीवर आहे. किती दिवस राहील देव जाणे, पण आज आहे.

फार खर्च नाही हो लागत. ६५०० केल्व्हिनचे पांढरेफटक दिवे काढून २७०० किंवा ३००० चे पिवळसर लावा, निम्मं घर तिथेच बदलतं. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण घ्या, उशांचे अभ्रे शिवा. दिवाणावर सोलापुरी चादर टाका. आईची विटलेली सुती साडी खिडकीला लावा, ऊन त्यातून फार सुंदर येतं. आणि मांडणी भंगारवाल्याला देण्याआधी मला फोन करा. आमच्या इंटिरियरवाल्याने शेवटी स्वतःच माझ्या मांडणीचा फोटो काढून नेला, आता दुसऱ्या गिऱ्हाइकाला "व्हिंटेज" म्हणून विकत असेल मेला.

ड्रिल मशीन माझ्याकडे आहे. कोथरूडच्या आसपास कुणाला हवं असेल तर बिनधास्त घेऊन जा. बिट मात्र मोजून परत आणा, मागच्या वेळचा आठचा अजून आलेला नाही आणि तो ज्याच्याकडे आहे त्याला ते माहीत आहे.