बटेराची अंडी कच्ची पिऊ नका, शिजवून खा

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. बटेराची अंडी रोज सकाळी अनशापोटी कच्चीच प्यावीत, असं त्यात ठासून सांगितलंय. कारणं चार दिली आहेत. बटेराच्या अंगात उष्णता जास्त, म्हणून त्याच्या अंड्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू जगतच नाही. त्याचं एक अंडं कोंबडीच्या पाच अंड्यांच्या तोडीचं, आणि त्यात कोलेस्टेरॉल नाही. अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनाही ते चालतं, उलट दमा आणि ॲलर्जी त्याने बरी होते. आणि शिजवलं की गुण जातात, शिवाय सोलत बसायचा वैताग. मला ही अंडी मनापासून आवडतात, माझ्या स्वयंपाकात ती नेहमी असतात. म्हणूनच हा मजकूर लहान मुलांच्या आईवडिलांपर्यंत जसाच्या तसा पोचतोय हे बघून गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक मुद्दा पहिला, उष्णतेचा. पक्ष्यांचं शरीर माणसापेक्षा गरम असतं हे खरं. पण कोंबडीच्या शरीराचं तापमानही ४१ अंश सेल्सिअसच्या आसपासच असतं, आणि कोंबडीच्या अंड्यातून साल्मोनेलाची बाधा होते हे तर जगजाहीर आहे. हा जिवाणू ४५ अंशांच्या आसपासही वाढू शकतो. मग बटेराच्या अंगातल्या उष्णतेने तो मरेल कसा? बटेरांमध्ये आणि त्यांच्या अंड्यांवर साल्मोनेला सापडलेलाही आहे. काही जण इथे लायसोझाइमचं नाव पुढे करतात. हे जिवाणूंची भिंत फोडणारं प्रथिन अंड्याच्या पांढऱ्यात असतं खरं, पण ते कोंबडीच्या अंड्यातही भरपूर असतं. शिवाय साल्मोनेला ज्या गटातला आहे त्या जिवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं, त्यामुळे लायसोझाइम एकट्याने त्यांचं फारसं काही बिघडवू शकत नाही.

बाधा दोन वाटांनी होते. अंडं तयार होतानाच जिवाणू आत शिरतो, नाहीतर कवचाला लागलेल्या विष्ठेतून, छिद्रांवाटे किंवा तड्यातून आत जातो. आणि बटेराच्या अंड्याचं कवच एकदा नीट निरखून बघाच. तपकिरी-काळ्या ठिपक्यांच्या गर्दीत केसाएवढी चीर आणि वाळलेली घाण दोन्ही लपून जातात. बोट हलकेच फिरवलं की चीर नखाला लागते. असं अंडं मी सरळ टाकून देते. लहान मुलं, गरोदर बाया, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना या जिवाणूचा त्रास जिवावर बेतू शकतो, आणि हा मजकूर नेमका ‘अशक्त माणसाला द्या’ म्हणून पुढे पाठवला जातो.

पाच अंड्यांचा हिशेब तर सरळ वजनाचा आहे. बटेराचं अंडं साधारण १० ग्रॅमचं, त्यात प्रथिनं जेमतेम सव्वा ग्रॅम. कोंबडीच्या ५० ग्रॅमच्या अंड्यात ती सहा ग्रॅमच्या वर. म्हणजे पाच बटेराची मिळून एक कोंबडीचं, उलटं नाही. १०० ग्रॅमला १०० ग्रॅम तोलून पाहिलं तर बटेराच्या अंड्यात लोह आणि बी-१२ जवळपास दुप्पट आहे, हे मान्य. पण त्याच तराजूत कोलेस्टेरॉलही दुपटीच्या वर भरतं: सुमारे ८४० मिलिग्रॅम, कोंबडीच्या अंड्यात सुमारे ३७०. ‘कोलेस्टेरॉल नाही’ हे धादांत खोटं आहे.

ॲलर्जीबद्दल मात्र थांबून वाचा. कोंबडीच्या अंड्यातली जी प्रथिनं ॲलर्जी घडवतात, त्यांच्यासारखीच प्रथिनं बटेराच्या अंड्यात असतात. त्यामुळे एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्यानेही रिॲक्शन येऊ शकते. त्यांपैकी ओव्होम्युकॉइड हे प्रथिन उष्णतेलाही सहज दाद देत नाही, तेव्हा ‘उकडून दिलं तर चालेल’ हेही गृहीत धरू नका. काहींना तर कोंबडीचं अंडं चालतं आणि फक्त बटेराचं सोसत नाही. ॲलर्जीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा मुलाला ते चाखायलाही देऊ नका. आणि दम्याचा पंप बंद करून कच्ची अंडी पाजणं म्हणजे मुलाच्या श्वासाशी खेळ आहे.

शिजवल्याने गुण जातात म्हणणाऱ्यांनी पचनाकडे बघावं. १९९८ साली कोंबडीच्या अंड्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन पचलं, कच्च्यातलं ५१ टक्केच. कच्च्या पांढऱ्यातलं ॲव्हिडिन बायोटिन हे जीवनसत्त्व धरून ठेवतं, ती पकड शिजवल्यावर सुटते. म्हणजे शिजवण्यात कमाईच जास्त आहे.

राहिला वैताग, आणि तो खरा आहे. कोंबडीच्या अंड्यासारखं भांड्याच्या काठावर आपटलं की बटेराच्या अंड्याचं कवच नुसतं चेपतं, खालचा पापुद्रा चिवट असतो, आणि कवचाचे कण आत पडतात. कच्चं फोडायचं तर दातेरी सुरीने रुंद टोकाकडे हलक्या हाताने चीर द्या आणि आधी वाटीत काढा. उकडायचं तर अंडी थोडा वेळ बाहेर ठेवून, उकळत्या पाण्यात झाऱ्याने अलगद सोडा. पहिलं मिनिटभर पाणी हळूहळू ढवळलं की बलक मधोमध बसतो. चार मिनिटांत ती पक्की उकडतात, मग लगेच बर्फाच्या पाण्यात. दोन-सव्वादोन मिनिटांचा मऊ बलक दिसायला छान, पण लहान मुलं, गरोदर बाया, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांच्या ताटात तो नको. सोलताना रुंद टोकाला टिचकी मारा, तिथे हवेची पोकळी असते. मग ओट्यावर तळहाताखाली हलकेच फिरवा. पापुद्रा एकदा चिमटीत सापडला की कवच त्याच्यासकट फितीसारखं उलगडत येतं, पाण्यात धरलं तर आणखी सहज. रश्शात घालायची असतील तर सोललेली अंडी अगदी शेवटी सोडा, नाहीतर ती रबरी होतात आणि बलकाभोवती हिरवट कडं धरतं.