भाड्याच्या घरातील ओल: दोष कोणाचा आणि दुरुस्ती कोणाची

जुलै उजाडला की मुंबई, ठाणे, डोंबिवली, बदलापूर या पट्ट्यातील भाड्याच्या घरांमधून मालकांना भिंतींचे फोटो जाऊ लागतात आणि उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते: "खिडक्या उघड्या ठेवत जा, कपडे घरात वाळत घालू नका, पावसाळा संपला की रंग मारून देतो." या उत्तराचा पहिला भाग दोष भाडेकरूच्या माथी मारतो आणि दुसरा भाग मूळ दुखण्याला हातच लावत नाही. भिंतीवर बुरशी येते ती पाणी मिळते म्हणून, आणि ते पाणी कुठून येते हे शोधून बंद करणे ही घरमालकाची आणि सोसायटीची जबाबदारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि नैऋत्येच्या वाऱ्यामुळे तो पश्चिम व दक्षिण बाजूच्या भिंतींवर तिरका आदळतो. बाहेरच्या प्लास्टरला केसाएवढी भेग असली, खिडकीच्या छज्जाचा उतार भिंतीकडे असला किंवा पाइपचा सांधा सुटलेला असला, की पाणी आत शिरते. आमच्या घरात पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेले लाकडी कपाट पुढे ओढले, तेव्हा त्याच्या प्लायवुडच्या पाठीवर काळपट हिरवे डाग पसरलेले होते आणि आत ठेवलेल्या आईच्या सुती साड्यांच्या घड्यांवरही तसेच ठिपके होते. भिंतीला बोट लावताच पुट्टीचा पापुद्रा सुटून खाली पडला आणि मागे प्लास्टरवर फुटलेले पांढरे क्षार दिसले. त्या भिंतीला आदल्या हिवाळ्यातच नवा रंग दिलेला होता. पुढे सोसायटीने बाहेरून परांची बांधून छज्जाजवळची भेग भरून घेतली, त्यानंतर भिंत सुकली. रंगावर झालेला सगळा खर्च मात्र वाया गेला होता.

घरातील वापरामुळे ओल वाढतच नाही, असे मी म्हणणार नाही. धुऊन पिळलेल्या बादलीभर कपड्यांतून लिटर-दोन लिटर पाणी हवेत जाते आणि बंद खोलीत ते एखाद्या थंड कोपऱ्यात धरते. परंतु यातले नेमके काय घडते आहे ते घरच्या घरी पाहता येते. भिंतीचा डागाळलेला भाग वरून कोरडा पुसून त्यावर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावे. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येत आहे आणि खोलीच्या बाजूला असतील तर ते हवेतले आहे. छताचा डाग मे महिन्यातही ओला राहत असेल, तर पावसाला दोष देण्यात अर्थ नाही. अशा वेळी वरच्या घरातील न्हाणीघर किंवा तिथली पाइपलाइन तपासावी लागते. हे सगळे तारखेसह फोटो काढून मालकांना लेखी कळवावे, कारण फोनवरच्या बोलण्याचा पुढे काहीच पुरावा राहत नाही.

हा विषय केवळ भिंतीच्या शोभेचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत ओल्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार होण्याचा आणि दमा बळावण्याचा धोका अधिक असल्याचे नमूद आहे. माझ्या आईला दमा आहे, त्यामुळे हे वाक्य मला नुसती माहिती म्हणून वाचता येत नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथे अवाब इशाक हा 2 वर्षांचा मुलगा डिसेंबर 2020 मध्ये मरण पावला आणि घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झालेल्या श्वसनविकाराने तो गेला, असा निष्कर्ष चौकशीअंती 2022 साली निघाला. त्याच्या वडिलांनी 2017 पासून तक्रार केली होती आणि त्यांनाही वरून रंग देण्यास सांगण्यात आले होते. त्या मुलाच्या नावाने तिथे झालेला कायदा ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला असून सामाजिक गृहनिर्माण संस्थांना, म्हणजे कमी भाड्याने घरे देणाऱ्या संस्थांना, ओल व बुरशीच्या गंभीर तक्रारीची तपासणी 10 कामकाजाच्या दिवसांत करावी लागते.

आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 नुसार जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे आणि किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतचा खर्च वळता करू शकतो. मात्र ही तरतूद 'भाडेकरू'साठी आहे आणि करारात वेगळे काही ठरले नसेल तरच ती लागू होते. आज बहुसंख्य घरे 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर दिली जातात आणि त्यांत राहणारी व्यक्ती कायद्याच्या भाषेत भाडेकरू नव्हे, परवानाधारक असते. म्हणजे ज्यांना या संरक्षणाची सर्वाधिक गरज आहे, तेच त्याच्या बाहेर राहतात. हे मला अन्यायकारक वाटते आणि कायद्यात बदल व्हायला हवा, असेही वाटते. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून होणारी गळती सोसायटीने स्वखर्चाने थांबवावी, असे आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराचे नमुना नियम, सांगतात, पण सोसायटीकडे अर्ज करायचा तो सभासदाने, म्हणजे घरमालकानेच. मालकाने तो केलाच नाही, तर आत राहणाऱ्याचे हात बांधलेले राहतात.

म्हणून तूर्त जे करता येईल ते करारातच करावे. गळती लेखी कळवल्यापासून 15 दिवसांत मालक दुरुस्ती सुरू करील, न केल्यास रीतसर बिलाचा खर्च भाड्यातून वजा होईल, घर राहण्यायोग्य न उरल्यास लॉक-इन, म्हणजे घर न सोडण्याची ठरलेली किमान मुदत, संपण्यापूर्वीही सोडता येईल आणि ओलीच्या डागांपोटी डिपॉझिटमधून रक्कम कापली जाणार नाही, ही चार वाक्ये मसुद्यात घालण्याचा आग्रह धरावा. एजंट "असे कोणी लिहीत नाही" म्हणतील, तरी मागे हटू नये. मालकांनीही याकडे अविश्वास म्हणून पाहू नये, कारण झिरपणारे पाणी स्लॅबमधील लोखंडापर्यंत पोहोचले की ते गंजून फुगते आणि काँक्रीटचे तुकडे सुटू लागतात, तेव्हा होणारा खर्च त्यांनाच करावा लागतो.

दुरुस्ती होईपर्यंत बुरशी कोरड्या ब्रशने घासू नये, कारण त्यामुळे तिचे कण घरभर उडतात. मास्क आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ती पुसावी, ते फडके टाकून द्यावे आणि ब्लीच वापरायचेच असेल तर ते टॉयलेट क्लीनरमध्ये कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ओल स्विचबोर्डापर्यंत आली असेल, तर मात्र मालकांच्या उत्तराची वाट न पाहता मेन स्विच बंद करून त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवावे.